रसदखान्याच्या टेकडीवर

रसद हा शब्द कानावर पडला, की मराठी माणसाच्या मनात आधी पानिपत उभे राहते. वाटा तुटलेल्या, दाणागोटा सरलेला आणि झाडपाल्यावर आलेले सैन्य हे चित्र आपल्या शाळकरी वयातच त्या तीन अक्षरांना चिकटून बसलेले असते. त्यामुळे इराणच्या वायव्य कोपऱ्यातील मराघा नावाच्या गावी, तेहरानहून रात्रभर धावत आलेल्या आगगाडीतून पहाटे उतरल्यावर, स्टेशनाबाहेरच्या मोटारवाल्याने माझ्या वेषाकडे आणि गळ्यातील दुर्बिणीकडे एकवार पाहून "रसदखाना?" असा एकशब्दी प्रश्न केला, तेव्हा आपण कुठे आणि कशासाठी आलो आहोत हे पक्के ठाऊक असूनही क्षणभर माझ्या डोळ्यांपुढून धान्याच्या कोठारांची एक लांबलचक ओळ सरकून गेली. वास्तविक हे शब्द दोन आहेत. आपली रसद फार्सीतील, 'रसीदन' म्हणजे पोहोचणे या धातूपासून निघालेली, म्हणून तिचे नाते आपल्या रसीद-पावतीशी. आणि रसदखान्यातली, म्हणजे वेधशाळेतली, रसद अरबीतली, जिचा मूळ अर्थ पाळत ठेवणे, टपून बसणे असा आहे. फार्सी लिपीत एकीत 'सीन' येतो आणि दुसरीत 'साद', त्यामुळे लिहिणाऱ्याची फसगत होत नाही. नागरीत मात्र दोन्ही स एकाच साच्यात पडतात आणि ताऱ्यांवर टपून बसणे व सैन्याला दाणा पोहोचविणे ही दोन कामे एका नावाखाली नांदू लागतात. टेकडीवर चढून जाईपर्यंत मी या योगायोगाला निव्वळ शब्दांची गंमत समजत होतो.

मराघा हे गाव सहंद पर्वताच्या दक्षिण उतारापाशी, समुद्रसपाटीपासून दीड हजार मीटरांच्या आसपास उंचीवर वसलेले आहे. सहंदवरून उतरणारी सूफीचाय नावाची नदी त्याला पाणी देते, आणि पश्चिमेकडे उर्मियाचे खारे सरोवर पसरलेले आहे, जे आपल्या हयातीत आटत आटत पुष्कळसे मिठागर होऊन गेले. इथली बोली तुर्की वळणाची, सरकारी पाट्या फार्सीत, आणि बागा सफरचंदांच्या. आश्विन चालू होता. पॉप्लरची झाडे पिवळी पडली होती आणि दुकानांपुढे अक्रोडांचे ढीग लागले होते. गावात बाराव्या-चौदाव्या शतकांतले चार जुने कबरीचे मनोरे अजून उभे आहेत, आणि त्यांपैकी 1148 सालच्या लाल मनोऱ्याचे विटकाम पाहून माझ्यासारख्या घाईच्या प्रवाशाचाही अर्धा तास कसा गेला ते कळले नाही. परंतु मी आलो होतो ते जे उभे नाही ते पाहायला, म्हणून मनोऱ्यांचा निरोप घेऊन गावाच्या पश्चिमेकडील त्या सपाट माथ्याच्या टेकडीकडे मोटार वळविण्यास सांगितले.

टेकडी म्हणजे आपल्या सह्याद्रीच्या हिशेबाने काहीच नव्हे. सिंहगड चढणाऱ्याला तिथे दम लागू नये. उत्तर-दक्षिण पसरलेला, सुमारे पाचशे मीटर लांबीचा, झाडाझुडुपांचा लवलेश नसलेला तो माथा वाऱ्याला पूर्ण उघडा आहे, आणि वर पाण्याचा एक थेंब नाही. या दुसऱ्या गोष्टीकडे मी मुद्दाम लक्ष वेधतो, कारण ही वेधशाळा ज्याने हातांनी उभारली त्या दमास्कसच्या मुअय्यिदुद्दीन उर्दी या यंत्रकाराने आपल्या ग्रंथात यंत्रांच्या वर्णनाबरोबरच, टेकडीवर पाणी चढविण्यासाठी आपल्याला काय काय योजावे लागले हेही नमूद करून ठेवले आहे. मशीद बांधली, राजाच्या उतरण्यासाठी वाडा बांधला, पाणी वर आणले आणि मग ग्रहांचे वेध. ज्योतिःशास्त्राच्या इतिहासांत पहिल्या तीन कलमांची वासलात एका ओळीत लागते. माथ्यावर उभे राहून घसा कोरडा पडला म्हणजे त्यांचे खरे वजन समजते.

राजा कोण, हे सांगितल्याशिवाय गोष्ट पुढे सरकत नाही. चंगीझखानाचा नातू हुलागू 1256 साली इराणात उतरून इस्मायली पंथाचे आलमूत आणि आसपासचे डोंगरी किल्ले घेत सुटला, तेव्हा त्या किल्ल्यांवरील मंडळींत नसीरुद्दीन तूसी नावाचा पंचावन्न वर्षांचा एक प्रकांड पंडित होता. गणित, ज्योतिष, तर्क, नीतिशास्त्र अशा सर्वच विषयांत त्याची गती एवढी, की पुढे तीनशे वर्षांनी अकबराच्या दरबारातही त्याचा नीतिग्रंथ आवर्जून वाचला जात असे. इस्मायलींच्या आश्रयाला तो वीसएक वर्षे होता. स्वखुशीने की अटकेत, याविषयी त्याची स्वतःचीच निवेदने यजमान बदलला तशी बदलतात. किल्ला पडल्यावर तो हुलागूच्या पदरी गेला, आणि दोन वर्षांनी, 1258 मध्ये, बगदाद लुटले गेले, खलिफा मारला गेला, त्या वेळी तो विजेत्याच्या छावणीत सल्लागार म्हणून हजर होता. विद्वानाने कोणत्या हाताचे अन्न खावे हा प्रश्न आपल्याकडेही जुना आहे. तूसीपुरते माझे मत असे, की त्या माणसाला राज्यांविषयी फारशी माया नव्हती आणि ग्रंथांविषयी अतोनात होती, आणि त्या दोहोंतून जे चारित्र्य घडते ते आदरणीय असले तरी निर्मळ असतेच असे नाही.

हुलागूला वेधशाळेचा खर्च पटवून देण्याची एक कथा जुन्या चरित्रकारांनी दिली आहे. खर्चाचा आकडा ऐकून खानाने विचारले, की जे घडायचे ते ताऱ्यांच्या ज्ञानाने टळणार नसेल, तर या ज्ञानाचा उपयोग काय? तूसीने उत्तरादाखल एका माणसाला गुपचूप उंचावर पाठवून तिथून एक मोठे धातूचे पातेले खाली लोटून देण्यास सांगितले. प्रचंड खणखणाटाने छावणीत हलकल्लोळ माजला, शिपायांनी शस्त्रे उपसली. शांत बसले होते फक्त दोघे, खान आणि तूसी, कारण त्यांना आवाज होणार हे ठाऊक होते. एवढाच उपयोग, महाराज, असे पंडिताने सांगितले म्हणतात. कथा खरी की रचलेली याचा निवाडा करण्याचे कारण नाही. इतके मात्र खरे, की 1259 साली मराघ्याच्या या माथ्यावर काम सुरू झाले. हुलागूचा थोरला भाऊ मंगूखान याला भूमितीची हौस असल्याने त्याने तूसीला मंगोलियाला पाठवून देण्याविषयी आधीच कळविले होते. हुलागूने पंडित दिला नाही, आपल्याच मुलखात ठेवून घेतला.

मुदतीवरून पुन्हा घासाघीस झाली. ग्रहांच्या सर्व गती पुरत्या पाहावयाच्या, तर निदान शनीची एक प्रदक्षिणा, म्हणजे सुमारे तीस वर्षे, वेध घ्यावे लागतील असे ज्योतिष्यांचे म्हणणे. खानाला तेवढी उसंत नव्हती, बारा वर्षांत काम उरका असे त्याचे फर्मान. बारा वर्षांत गुरूची एक फेरी पुरी होते, शनी अर्ध्या वाटेवरही येत नाही. हुलागू स्वतः तर तेवढाही थांबू शकला नाही, तो 1265 मध्ये वारला; ग्रंथ 1271-72 च्या सुमारास त्याच्या मुलाच्या, अबाकाखानाच्या, कारकिर्दीत हातावेगळा झाला, आणि 'जीज-इ-इल्खानी' असे त्याला राजवंशाचे नाव मिळाले. जीज म्हणजे आपल्या करणग्रंथासारखी सारणींची पोथी, जिच्यावरून कोणत्याही दिवशीचे ग्रह मांडता यावेत.

परंतु खानाच्या लहरीवर वेधशाळा चालत नाही हे तूसीने ओळखले होते, आणि मला विचाराल तर त्याची सर्वांत मोठी युक्ती ग्रहगणितातली नसून जमाबंदीतली होती. साऱ्या राज्यातील वक्फांचा, म्हणजे धर्मादाय इनामांचा, कारभार त्याने आपल्या हाती घेतला आणि त्या उत्पन्नातील हिस्सा वेधशाळेकडे लावून दिला. मशिदी, मदरसे, दवाखाने यांच्यासाठी दिलेल्या जमिनींचा महसूल ताऱ्यांच्या वेधासाठी खर्ची पडावा, ही गोष्ट त्यापूर्वी त्या प्रमाणात कोणी केली नव्हती. आधीच्या वेधशाळा एखाद्या सुलतानाच्या मर्जीने निघत आणि त्याच्याबरोबर संपत. ही मात्र आपल्या मूळ पुरुषाच्या, हुलागूच्या, मृत्यूनंतरही चालत राहिली, तूसी 1274 मध्ये बगदादेस वारल्यावर त्याच्या मुलांनी तिचा कारभार पाहिला, आणि थोरल्या मुलानंतर धाकटा असीलुद्दीन 1304 मध्ये उल्जायतूखानाच्या वेळीही या गादीवर होता. पंचेचाळीस वर्षे! स्टेशनावरचा शब्दाचा घोटाळा मला इथे पुन्हा आठवला. सादाची रसद सिनाच्या रसदेवर जगत होती, आणि तूसी, जो दोन्ही अक्षरांत चुकणारा नव्हता, त्याने दोन्हींची तजवीज एकाच दफ्तरात केली होती.

माथ्यावर आज काय आहे? एक पांढरा घुमट, तोही संरक्षणासाठी आपल्या काळात उभारलेला. त्याच्या आत मुख्य मनोऱ्याची गोल जोती, वीस मीटरांहून अधिक व्यासाची, दगडांच्या दोन-चार थरांपलीकडे वर न उठणारी. आणि त्या वर्तुळाला उत्तर-दक्षिण छेदून जाणारी एक अरुंद वाट, जिच्यातून भित्तियंत्राच्या कमानीचा तळचा भाग दिसतो. बाहेर लहान-मोठ्या पाच गोल चौथऱ्यांच्या खुणा, ग्रंथालयाच्या म्हणून ओळखलेल्या चौकोनी भिंतींचे पाये, धातुकाम चालत असावे अशी एक जागा. हे सारे 1972 पासून काही वर्षे चाललेल्या उत्खननात परवीझ वर्जावंद या इराणी पुरातत्त्वज्ञाच्या देखरेखीखाली उघडे झाले. तोपर्यंत ही टेकडी मेंढ्यांचीच होती. ज्याला पडके बुरूज, खचलेले जिने आणि त्यांतून घोंघावणारा वारा यांची अपेक्षा असेल त्याची निराशा होईल. वारा मात्र आहे.

असे असूनही हे अवशेष मुके नाहीत, कारण उर्दीचा ग्रंथ हाती आहे. कोणते यंत्र कोणत्या लाकडाचे, त्यावर तांब्याची पट्टी कशी ठोकावी, अंशांच्या खुणा कशा कोराव्यात, वर्तुळ वाकू नये म्हणून काय करावे, हे सर्व त्याने अशा तपशिलाने लिहिले आहे, की पोथी मांडीवर घेऊन रिकाम्या चौथऱ्यापुढे बसले तर यंत्र मनात आपोआप उभे राहते. भिंतीत बसविलेले मोठे तुरीययंत्र याम्योत्तर वृत्तात असे आणि त्यावरून मध्यान्हीच्या सूर्याची उंची घेतली जाई. पाच कड्यांचे गोलयंत्र होते. दोन तुरीये एका क्षितिजकड्यावर फिरवून एकाच वेळी दोन ताऱ्यांची उंची व दिशा घेता येईल अशी सोय होती. मुख्य मनोऱ्याच्या घुमटाला भोक ठेवले होते, आणि त्यातून उतरलेला सूर्याचा कवडसा भिंतीवर कुठे पडतो यावरून दिवसा वेळ आणि सूर्याची उंची समजे, असे ज्यांनी ते पाहिले त्यांचे वर्णन आहे. या यंत्रांपैकी एकही उरले नाही; उर्दीच्या मुलाने घडविलेला एक ब्राँझचा खगोल तेवढा फिरत फिरत जर्मनीत ड्रेस्डेनच्या संग्रहालयात जाऊन बसला आहे.

या माथ्यावर माणसे कोठून कोठून आली होती! शीराझचा कुत्बुद्दीन इथे शिकायला आला आणि गुरूच्या तोडीचा झाला. एक चिनी ज्योतिषी होता, आणि त्याच्याकडून समजून घेतलेली चीन-उइघुर कालगणना जीजमध्ये आली. सिरियन ख्रिस्ती धर्मगुरू आणि इतिहासकार बार हेब्रीयस याने याच गावी 1268 मध्ये युक्लिडवर आणि पुढे टॉलेमीवर व्याख्याने दिली, येथील ग्रंथसंग्रह वापरून आपला इतिहास लिहिला आणि 1286 मध्ये येथेच देह ठेवला. त्यानेच मग्रिबहून, म्हणजे मुसलमानी जगाच्या पार पश्चिम टोकाकडून आलेल्या मुहयिद्दीन या ज्योतिष्याची हकिकत दिली आहे. सिरियात ज्या अमिराच्या पदरी तो होता, त्याच्या माणसांची मंगोल कत्तल करू लागले, तेव्हा हा ओरडला, की मी तारे जाणणारा आहे. एवढ्यावर त्याला बाजूला काढले आणि मराघ्याला रवाना केले. विद्येने जीव वाचल्याची उदाहरणे आपण सुभाषितांत वाचतो, पण इतक्या अक्षरशः नव्हे.

याच मुहयिद्दीनमुळे मला या स्थळाविषयी एक अप्रिय गोष्ट सांगणे भाग आहे. जिच्यासाठी हा सारा खटाटोप झाला त्या 'जीज-इ-इल्खानी'तील ग्रहांच्या मध्यम गती पुष्कळशा जुन्या ग्रंथांतून उचललेल्या आहेत, या टेकडीवरच्या वेधांतून काढलेल्या नव्हेत, आणि ही तक्रार पुढच्या ज्योतिष्यांनी लवकरच केली. खरे, चिकाटीचे, वर्षानुवर्षांचे वेध घेतले ते मुहयिद्दीनने, 1262 पासून 1274 पर्यंत, आणि ते लिहिले स्वतःच्या निराळ्या ग्रंथात, ज्याला राजाचे नाव नव्हते. सरकारी अहवाल एक आणि कारकुनाची टिपणवही दुसरी, हा प्रकार तेव्हापासूनचा आहे. आणि यात तूसीचा तरी केवढा दोष? शनीला तीस वर्षे लागतात आणि खानाला बारा हवी असतात, तेव्हा जुन्या सारण्यांचा आधार घेण्यावाचून मुदतीत पोथी कशी पुरी व्हावी?

आपल्या वाचकांना हे दुःख परके वाटू नये. आपल्याकडे गणेश दैवज्ञांनी कोकणात नांदगावी 1520 साली 'ग्रहलाघव' रचले आणि पुढची तीन-साडेतीन शतके महाराष्ट्राची पंचांगे त्यावरून निघाली. पण सारणी कितीही उत्तम असो, आकाश तिच्याबरोबर बांधलेले नसते, दरसाल केसभर पुढेमागे होत शेवटी पंचांगातले ग्रहण आणि डोळ्यांनी दिसणारे ग्रहण यांत फरक पडू लागतो. म्हणून केरूनाना छत्र्यांना एकोणिसाव्या शतकात पटवर्धनी पंचांग काढावे लागले, आणि त्यावरून घराघरांत जो वाद झाला तो सणांच्या तारखांचा वाद होता असे लोकांना वाटले. खरा वाद एवढाच होता, की जुने लिहिलेले मानावे की डोळ्यांना दिसते ते. मराघ्याने त्याचे उत्तर दोन्ही बाजूंनी दिले, हे मला फार मानवी वाटते. अयनचलनाच्या, म्हणजे संपातबिंदू ताऱ्यांमधून हळूहळू सरकतात त्या गतीच्या, बाबतीत मात्र या मंडळींचा हात अचूकतेच्या जवळ पोहोचला होता. टॉलेमीने शंभर वर्षांत एक अंश धरला होता. इथे सत्तर वर्षांत एक अंश आला, आणि आजचे मान बहात्तर वर्षांच्या किंचित आत आहे.

तूसीची दुसरी कामगिरी यंत्राची नव्हे, कल्पनेची. मोठ्या बांगडीच्या आतून तिच्या निम्म्या व्यासाची बांगडी न घसरू देता फिरवीत नेली आणि लहानीच्या कडेवर कुंकवाचा एक ठिपका लावलेला असला, तर तो ठिपका गरगरत न राहता मोठीच्या व्यासावरून सरळ रेषेत पुढेमागे जातो. दोन वर्तुळगतींतून सरळ गती निघते हे दाखवून त्याने टॉलेमीच्या ग्रहरचनेतील एक जुने कुसळ काढले. हीच जोडी 1543 मध्ये छापलेल्या कोपर्निकसच्या ग्रंथात दिसते, आणि ती पोलंडपर्यंत कोणत्या वाटेने गेली याचा शोध पंडित अजून करीत आहेत.

ती आपल्याकडे कोणत्या वाटेने आली हे मात्र स्पष्ट आहे, आणि माझी स्वतःची वाटही तीच होती. सवाई जयसिंहाच्या पदरी जगन्नाथ सम्राट नावाचा ज्योतिषी होता. तो महाराष्ट्रीय ब्राह्मण असून जयसिंहाने त्याला आपल्याबरोबर नेले आणि तेथे त्याने अरबी-फार्सीचा अभ्यास केला अशी परंपरा आहे. या जगन्नाथाने युक्लिडची भूमिती 'रेखागणित' या नावाने आणि टॉलेमीचा ग्रंथ 'सिद्धांतसम्राट' या नावाने संस्कृतात आणला. ही दोन्ही भाषांतरे ग्रीकावरून नव्हेत, तर तूसीने सिद्ध केलेल्या अरबी आवृत्त्यांवरून केलेली आहेत. 'रेखागणित' मुंबईच्या संस्कृत ग्रंथमालेत 1901-02 मध्ये छापले गेले, आणि त्याची पिवळी पडलेली प्रत विद्यार्थिदशेत माझ्या हाती आली तेव्हा तूसी कोण हे मला ठाऊक नव्हते. ठाऊक होण्याचा संभवही नव्हता, कारण जगन्नाथाने प्रारंभी हे शास्त्र ब्रह्मदेवाने विश्वकर्म्याला सांगितले, मग ते लुप्त झाले आणि राजाज्ञेने आपण ते पुन्हा प्रकट केले, असे लिहून ठेवले आहे. विश्वकर्म्याचा पत्ता शोधत मागे मागे जावे आणि तो मराघ्याच्या टेकडीवर निघावा! जयसिंहाच्याच दरबारी 1729 मध्ये नयनसुख उपाध्यायाने तूसीच्या ज्योतिषग्रंथातील नेमका तोच अध्याय संस्कृतात उतरविला, ज्यात वर्तुळांची ती जोडी आहे. दिल्ली-जयपूरची दगडी यंत्रे आपण पाहतो त्यांच्यामागे समरकंदची वेधशाळा उभी आहे आणि समरकंदच्या मागे ही. समरकंदचा उलुगबेग लहानपणी मराघ्याचे अवशेष पाहून गेला होता असे सांगतात.

अवशेषच, कारण तोवर सर्व संपले होते. राजधानी अबाकाखानाने आधीच तब्रीझला हलविली होती. गाझानखान इथे येऊन यंत्रे पाहून गेला आणि त्याने तब्रीझला स्वतःची वेधशाळा बांधली. इल्खानांची सत्ता खिळखिळी झाली, आणि 1340 च्या सुमारास हमदुल्ला मुस्तौफी या भूगोलकाराने मराघ्याची वेधशाळा उद्ध्वस्त असल्याची नोंद केली. ना वेढ्याची कथा, ना आगीची. रसद तुटली एवढेच. बगदाद आणि सिरियाच्या लुटीतून इथे जमलेली चार लाख पुस्तके कुठे गेली हे कोणी लिहिले नाही. अर्थात तो आकडाही चरित्रकारांचा आहे आणि चरित्रकारांना शून्ये स्वस्त असतात.

उतरताना टेकडीच्या कुशीत कोरलेल्या दालनांत डोकावलो. आपल्याकडच्या लेण्यांची सवय असलेल्या डोळ्याला ती ओबडधोबड वाटतात, न मूर्ती, न शिलालेख; पण माथ्यावरच्या वेधशाळेपेक्षा गूढ म्हणावे ते हेच. कोणी त्यांना बार हेब्रीयसचे चर्च म्हणतात, कोणी मित्रदेवाचे मंदिर. आरंभीचे इल्खान बौद्ध मताकडे झुकलेले असल्यामुळे हे बौद्ध भिक्षूंचे निवासस्थान असावे असेही एक मत आहे. कार्ल्या-भाज्याच्या चैत्यांखाली वाढलेल्या माणसाला हे तिसरे मत आवडावे हे साहजिक आहे, आणि म्हणूनच मी त्यावर विश्वास ठेवायचा नाही असे ठरविले.

संध्याकाळी रखवालदाराने आपल्या खोलीपाशी बोलावून काचेच्या लहान पेल्यात बिनदुधाचा चहा दिला, आणि साखरेचा खडा दातांत धरून तो कसा प्यावा हे स्वतः करून दाखविले. माझी फार्सी पुस्तकी, त्याची तुर्की घरची. बोलणे हातांनीच अधिक चालले होते. थंडी झपाट्याने उतरत होती. अंधारल्यावर सहंदच्या बाजूला ध्रुव दिसू लागला, आणि तो पाहून मी चमकलो, कारण पुण्याच्या गच्चीवरून तो मला नेहमी इमारतींच्या कडेला, क्षितिजापासून साडेअठरा अंशांवर, खाली लोंबल्यासारखा दिसतो, आणि इथे तो दुपटीने वर जाऊन बसला होता. मराघ्याचा अक्षांश या वेधशाळेने 37 अंश 20 कला आणि 30 विकला असा नोंदवला आहे. तूसीच्या काळी मात्र हा तारा ध्रुवबिंदूपासून चार-पाच अंश दूर होता. बिंदू त्याच्याकडे सरकत आला आहे तो त्याच अयनचलनाने, ज्याचे मान इथे मोजले गेले.

यंत्र जवळ नव्हते. हात लांब करून मिटलेली मूठ साधारण दहा अंश व्यापते असा एक गावठी हिशेब आहे. मी क्षितिजापासून मुठीवर मूठ रचत वर गेलो आणि चौथी पुरती भरण्याआधीच ध्रुव लागला. रखवालदार पेला खाली ठेवून पाहत होता. मी काय करतो आहे ते त्याला उमगले असावे, कारण तो उठून माझ्या शेजारी उभा राहिला, त्यानेही हात लांब केला आणि एक एक मूठ चढवीत त्या टेकडीवर कितीतरी काळाने एक वेध घेतला. त्याचा हात माझ्याहून थोराड होता. तीन मुठी आणि वर अर्धी, एवढीच भरली, आणि मला त्याचेच उत्तर खरे आहे असे त्याने बोटांनी बजावून सांगितले.